खोक्यावरचे सील काढा, ते बकलवर लावा: कार सीट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुले पत्र

लहान मुलांच्या कार सीट बनवणाऱ्या कंपन्या, त्या विकणारी दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते यांना,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी अडीच महिन्यांची असताना मी तुमच्यापैकी एकाकडून कार सीट मागवली. ती आमच्या गाडीत बसली नाही. परत घ्या म्हणाले, तर उत्तर आले की खोके उघडले आहे, सील तुटले आहे, आता परत घेता येणार नाही. पुढचे सात आठवडे त्यातच गेले. ते सगळे सांगत बसत नाही, पण त्यातले थोडे सांगितल्याशिवाय मी काय मागते आहे ते तुमच्या लक्षात येणार नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. हा नियम तुमच्यातल्या अनेकांचा आहे. एकीचे नाव घेतले की बाकीच्यांना वाटेल, हे पत्र आपल्याला नाही.

सीट आली तो रविवार होता. नवऱ्याने पुढची सीट जेवढी सरकते तेवढी पुढे घेतली आणि मी मागच्या सीटवर आडवी पडले. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हाताची बोटे गादी आणि पाठ यांच्यामधल्या फटीत. आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या सोयीच्या, दोन सळ्या तिथे आत असतात, गाडीच्या सांगाड्यालाच पक्क्या केलेल्या, सहा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून 280 मिलिमीटर अंतरावर. नख मोडले, पण सापडल्या. सीटचे दोन हात त्यांच्यावर रेटले. टक्, टक्. दोन्हीकडच्या खुणा हिरव्या झाल्या. मग सपोर्ट लेग, म्हणजे सीटच्या टोकाकडून खाली गाडीच्या फरशीवर टेकणारा पाय, ओढून लांब केला. तो टेकला आणि त्याचीही खूण हिरवी झाली. आम्ही दोघे हसलो. माहितीपुस्तिकेतले चित्र आणि आमची गाडी अगदी एकसारखी दिसत होती.

नवऱ्याने सहज त्या पायाशेजारी मुठीने ठोकले. पत्र्याचा रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला.

चटई उचलली तर खाली झाकण. आमच्या गाडीत पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेखाली, सामान ठेवायचा एक कप्पा आहे. त्यात आम्ही छत्री आणि जुने कपडे टाकतो. तुमच्या सीटचा पाय त्या झाकणाच्या बरोबर मधोमध उभा होता. मी अंगठ्याने झाकण दाबले, ते लवले. सगळ्या खुणा मात्र हिरव्याच होत्या, कारण त्या खुणेला पाय कशावर तरी टेकला आहे एवढेच कळते. खाली काय आहे ते तिला कळत नाही.

हा पाय कशासाठी असतो हे तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र आईवडीलही वाचतील. आयसोफिक्सच्या सळ्या सीटला खालच्या बाजूला दोनच ठिकाणी धरतात. समोरून धडक बसली की अख्खी सीट त्या दोन बिंदूंभोवती पुढे, खाली गरकन वळू पाहते. ते वळणे थांबवायला तिसरा आधार लागतो. काही सीटना तो वरून मिळतो, पाठीमागे अडकवायच्या टॉप टेदरच्या पट्ट्याने. काहींना खालून मिळतो, या पायाने. धडकेच्या क्षणी पायावर येणारा सगळा भार फरशी घेते. फरशीच्या जागी प्लास्टिकचे झाकण असले तर पाय आत जातो, सीट कलंडते आणि तिच्यात बसलेल्या बाळाचे डोके जिथवर जायला नको तिथवर जाते. आमच्या गाडीचे पुस्तक मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचले. त्यात स्पष्ट लिहिले होते की या झाकणावर सपोर्ट लेग टेकवू नये.

मग तुमच्या पानावर मला हे का दिसले नाही? तिथे लिहिले होते, ‘आयसोफिक्स असलेल्या बहुतेक सर्व गाड्यांना योग्य.’ आमच्या गाडीला आयसोफिक्स आहे. मी मागवली. कोणत्या गाडीत, कोणत्या जागी ही सीट चालते याची यादी होती, पण ती सीट बनवणाऱ्या कंपनीकडे वेगळीकडेच ठेवलेली होती. विक्रेत्याच्या पानावरून तिथे जायची वाट नव्हती. यादी सापडली ती सीट घरी आल्यावर तीन दिवसांनी. आमच्या गाडीच्या नावापुढे बारीक अक्षरांत टीप होती: फरशीखाली कप्पा असल्यास चालणार नाही. म्हणजे ही गोष्ट तुम्हाला माहीत होती. ती ‘खरेदी करा’ या बटणापर्यंत पोचली नाही, एवढेच.

‘आयसोफिक्स’ हा शब्द तुम्ही फार सैल वापरता, हेही इथेच सांगते. सळ्या असणे वेगळे आणि ती जागा आय-साइज म्हणून, म्हणजे मुलांच्या सीटच्या नव्या नियमाप्रमाणे, मंजूर असणे वेगळे. 2013 साली संयुक्त राष्ट्रांचा आर 129 हा तो नियम लागू झाला. गाडीच्या आय-साइज जागेसाठी नुसत्या सळ्या पुरत नाहीत, पायाखालची फरशीही तो भार सोसणारी असावी लागते. आर 129 ने आय-साइज सीट आणि मूल मिळून वजनाची मर्यादा 33 किलो धरली आहे, कारण सळ्यांनाही सोसण्याची हद्द आहे. गाडी त्या नियमाआधीची असेल, तर आय-साइज सीट तिच्यात चालते की नाही हे गाडीगणिक तपासावेच लागते. हे सगळे ‘बहुतेक सर्व गाड्या’ या तीन शब्दांत कसे मावेल? ज्याची गाडी त्या ‘बहुतेक’मध्ये येत नाही त्याने काय करायचे?

मी फोन केला. पहिला प्रश्न आला, “मॅडम, खोके उघडलेत का?”

“हो.”

“मग रिटर्न होणार नाही. सील तुटलेला बालवापराचा माल आम्ही घेत नाही.”

“पण खोके न उघडता ती गाडीत बसते की नाही हे कळणार कसे?”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “तसा ऑप्शन नाहीये मॅडम.” खरेच नव्हता. परतीच्या अर्जात कारणांची यादी होती: माल खराब आला, चुकीचा माल आला, रंग वेगळा आला, आता नको आहे. ‘गाडीत बसत नाही’ हे कारण त्या यादीत नव्हते. फोनवरचा मुलगा उद्धट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हते आणि ते त्याच्या आवाजात कळत होते. माझा राग त्याच्यावर नाही.

दुसऱ्या फोनला दुसरे कोणी होते. ते म्हणाले, “जरा दाबून बसवा, सगळ्यांची बसते.” तिसऱ्या वेळी सल्ला मिळाला की झाकणाखालच्या कप्प्यात कपडे, थर्माकोल, काहीतरी गच्च भरा म्हणजे झाकण लवणार नाही. मी हे वाक्य त्याच वेळी कागदावर लिहून ठेवले, कारण आपण ऐकले त्यावर माझा विश्वास बसेना. काही गाड्यांसाठी गाडीची कंपनीच त्या कप्प्यात बसवायचा, तपासलेला ठोकळा देते, हे खरे आहे. आमच्या गाडीसाठी तसा ठोकळा नाही. जुन्या कपड्यांच्या बोचक्यावर बाळाचा जीव ठेवायला सांगणाऱ्या माणसाला, आपण काय सांगतो आहोत हे कोणी कधी शिकवलेलेच नसणार. त्याला शिकवा. निदान ‘दाबून बसवा’ हे तुमच्या कोणत्याही माणसाच्या तोंडून पुन्हा निघणार नाही, एवढे तरी या पत्रानंतर करा.

कारण तसे ऐकणारे लोक असतात. थकलेले असतात, रात्रभर जागलेले असतात, पैसे अडकलेले असतात. सीट परत जात नाही, दुसरी घेणे परवडत नाही आणि समोरचा माणूस, ज्याला यातले कळते असे आपण धरून चालतो, तो म्हणतो बसेल. मग ती बसवली जाते. तुमचा परतीचा नियम हिशेबाच्या वहीत खर्च वाचवताना दिसत असेल. गाडीत तो चुकीची बसलेली सीट होऊन फिरत असतो.

आम्ही ती तशी बसवली नाही. पण आम्ही काही शहाणपणाचे केले असेही म्हणता येत नाही. त्या सात आठवड्यांत मुलीला गाडीतून न्यायचेच नाही असे ठरवले होते आणि ते पाळलेही, एक रात्र सोडून. मध्यरात्री तिला ताप चढला, अंग भाजत होते, दुसरे वाहन मिळेना. मी तिला मांडीवर घेऊन मागे बसले. दवाखान्यापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा. मी तिला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरले होते आणि डोक्यात एक हिशेब सारखा चालू होता. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. तेवढ्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर सहा किलोचे बाळ हातांना 85 किलोचे होते. मी 85 किलो धरू शकत नाही. कोणतीच आई धरू शकत नाही, माया कितीही असली तरी. डिकीत तुमची नवी कोरी सीट तिच्या खोक्यात पडून होती.

ताप उतरला, मुलगी बरी झाली. ती रात्र मात्र मी तुमच्या नियमाच्या खात्यावर लिहून ठेवली आहे.

नंतर मी विचारत गेले तसे कळले की आमचा कप्पा हा एकच प्रकार नाही. सीट चांगली, गाडी चांगली आणि दोघींचे जमत नाही, असे कितीतरी तऱ्हांनी होते. नणंदेने मोठ्या मुलासाठी रुंद बूस्टर घेतला, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच बेल्ट लावायची बैठक. तो सीटवर ठेवला की गाडीच्या बेल्टचे बकल त्याच्या काठाखाली दबून जाते. मुलाला बेल्ट लावता येत नाही आणि तिला दर वेळी बूस्टर उचलून हात घालावा लागतो. एका मैत्रिणीच्या गाडीत मागच्या सीटचे हेडरेस्ट निघत नाही. ते पुढे झुकलेले आहे, त्यामुळे उंच पाठीची सीट पाठीला टेकतच नाही, मध्ये वीतभर पोकळी राहते. तिसऱ्या एकीच्या गाडीत मागची गादी खोलगट आहे, तळ रुंद असलेली सीट तिच्यावर डगमगते. उलट्या तोंडाच्या, म्हणजे बाळाला मागे तोंड करून बसवायच्या, सीटला जागा इतकी लागते की पुढे बसणाऱ्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. मग तो माणूस आपली सीट मागे घेतो आणि बाळाच्या सीटवर दाब येतो. यातली कुठलीच गोष्ट खोक्यावरच्या चित्रात दिसत नाही.

आणि कोन. नवजात बाळाच्या शरीराच्या उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसते डोके असते, मान ते पेलायला तयार नसते. म्हणून तर लहान मुलाला गाडीत मागे तोंड करून बसवायचे. स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांनी 1964 साली अशी उलटी सीट करून पाहिली तेव्हापासूनचे हे शहाणपण आहे. धडकेचा भार पाठ, मान आणि डोके या सगळ्यांवर एकदम पसरतो, मानेला एकटीला झटका बसत नाही. आर 129 नेही किमान 15 महिन्यांपर्यंत उलटेच बसवायचे असे ठरवले आहे. पण ती उलटी सीट आपल्या गाडीच्या उतरत्या गादीवर जास्त उभी झाली तर झोपेत बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. फार आडवी झाली तर धडकेत बाळ वर सरकते. सीटवर कोन दाखवणारी रेघ असते, पण ती रेघ खरी ठरते गाडीत ठेवल्यावर. घरातल्या फरशीवर ती नेहमीच बरोबर दिसणार.

तेव्हा सीट गाडीत बसवून पाहणे म्हणजे ती वापरणे नव्हे. चपलेत पाय घालून बघावे तसे ते आहे.

आता तुमची बाजू. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मुलांच्या सीटच्या आतला फोम धडकेत दबून धक्का झेलण्यासाठीच असतो. एकदा दबला किंवा चिरला की वरून कापड अगदी नवे दिसते आणि आत काम संपलेले असते. म्हणून मोठ्या अपघातातून गेलेली सीट बदला असे तुम्हीच सांगता आणि योग्य सांगता. परत आलेली सीट कुठून काय सोसून आली आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. ती तुम्ही नवी म्हणून दुसऱ्या बाळाला विकावी, असे मी कशी म्हणेन? मी स्वतः तशी सीट घेणार नाही. आणि काही लोक लांबच्या प्रवासापुरती सीट मागवतात, वापरतात आणि परत करतात, हेही मला माहीत आहे. त्यांच्यामुळे नियम कडक झाला असेल तर त्यांचाही मला राग आहे.

पण या सगळ्यावर तुम्ही काढलेला उपाय चुकीच्या जागी लावलेला आहे. सील तुम्ही खोक्याला लावता. ते लावा हार्नेसच्या, म्हणजे बाळाला बांधायच्या पट्ट्यांच्या, बकलला.

विचार करून बघा. सीट गाडीत बसते की नाही हे पाहायला काय काय करावे लागते? खोक्यातून काढणे. सळ्यांना अडकवणे, किंवा गाडीचा बेल्ट तिच्या खाचांतून ओवून ताणणे. पाय टेकवणे, टॉप टेदर ओढणे. कोन बघणे. पुढची सीट मागे-पुढे करून माणूस बसतो का ते बघणे. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवणे, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. यात बाळाला बांधायच्या पट्ट्यांचे बकल एकदाही लावावे लागत नाही. तेव्हा त्या बकलच्या खाचेत एक पट्टी घाला, जी तोडल्याशिवाय बकल लागणारच नाही. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘आधी गाडीत बसवून बघा. बसली तरच ही पट्टी तोडा. पट्टी शाबूत असेल तर सीट परत घेऊ.’ पट्टी शाबूत म्हणजे मूल बसलेले नाही. मूल बसलेले नाही म्हणजे घाम नाही, दूध सांडलेले नाही, तुमचा स्वच्छतेचा मुद्दा उरत नाही आणि प्रवासापुरती सीट वापरणाऱ्यांचाही बंदोबस्त होतो.

कोणी म्हणेल, मुलाला सीट नीट होते का हेही पाहायला हवे. हवेच. पण आर 129 च्या सीट मुलाच्या उंचीवर ठरतात, सेंटिमीटरमध्ये. तेवढे मोजपट्टीने घरी कळते, सीट मागवायच्या आधी. गाडीचे मात्र मोजपट्टीने कळत नाही.

रिकामी सीट गाडीत असताना अपघात झाला तर, ही शंका उरते. तिच्यासाठी परतीची मुदत थोडी ठेवा आणि गाडी न चालवता फक्त बसवून पाहिली असे घेणाऱ्याकडून सहीनिशी लिहून घ्या. एवढे करूनही परत आलेली सीट पुन्हा नवी म्हणून विकायला तुमचे मन घेत नसेल, तर विकू नका. मोडीत काढा, प्रशिक्षणाला द्या, दुकानात दाखवायला ठेवा. तो खर्च धंद्याचा आहे. आज तो खर्च ज्याच्या गाडीच्या फरशीत कप्पा निघाला त्या एकट्याच्या डोक्यावर पडतो. बूस्टरला हार्नेस नसतो, तिथे ही पट्टी चालणार नाही, दुसरी काही युक्ती लागेल. ती तुमचे अभियंते काढू शकतील, धडकेत बाळाची मान वाचवायची युक्ती ज्यांनी काढली त्यांना हे अवघड नाही.

कायद्यातही हा विचार आलेला आहे. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार दुरून मागवलेली वस्तू 14 दिवसांत परत करता येते आणि वस्तू कशी आहे, चालते का, हे तपासण्यापुरती ती हाताळली तर त्याबद्दल ग्राहकाकडून काही कापता येत नाही. त्याच निर्देशात स्वच्छतेच्या कारणाने परत न घेण्याच्या सीलबंद वस्तूंचा अपवाद आहे. विक्रेते त्याचाच आधार घेत. 27 मार्च 2019 रोजी युरोपीय न्यायालयाने गादीच्या एका प्रकरणाचा निकाल दिला. घेणाऱ्याने गादीवरचे संरक्षक आवरण काढले होते, म्हणून विक्रेता ती परत घेईना. न्यायालयाने सांगितले की आवरण काढले तरी गादी या अपवादात बसत नाही, ती स्वच्छ करून पुन्हा विकता येते. ज्या गादीवर माणूस अंग टाकतो ती परत जाऊ शकते, तर जिच्यात बाळ बसलेलेच नाही ती सीट का नाही? जिथे असा कायदा नाही तिथेही तुम्हाला हे करायला कोणी अडवलेले नाही.

गाडी बनवणाऱ्यांनाही दोन ओळी. तुमच्या पुस्तकात मुलांच्या सीटचा तक्ता असतो, त्यात यू, आययूएफ, आयएल, एक्स अशी अक्षरे असतात आणि त्यांचा अर्थ पुढच्या पानावर तळटिपेत. एक्स म्हणजे ‘इथे बसवू नका’ हे कळायला मला अर्धा तास लागला. आणि फरशीखाली कप्पा देता, तर त्या जागी, चटईखाली नव्हे तर चटईवरच, सपोर्ट लेगचे चित्र काढून त्यावर फुली मारा. एवढी एक फुली त्या रविवारी सकाळीच दिसली असती.

शेवटी आमची सीट परत गेली. सातव्या आठवड्यात, तेराव्या फोननंतर, ‘हाताळणी खर्च’ कापून. मग आम्ही अशा एका बाईंकडे गेलो ज्या मुलांच्या सीट विकतात आणि आधी गाडीत, मग बिल, असा त्यांचा नियम आहे. त्यांनी गाडी बघितली, मागचे दार उघडले, पहिल्यांदा चटई उचलली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “पायवाली नको. बेल्टची बघू.” पहिली सीट आणली, गाडीचा बेल्ट तिच्याभोवती फिरवला, तो चार बोटे कमी पडला. आमच्या गाडीचा बेल्ट आखूड आहे हेही तेव्हाच कळले. दुसरीचा कोन फार उभा आला. तिसरी बसली. त्यांनी गुडघा टेकवून बेल्ट ताणला, मग माझा हात धरून सीटवर ठेवला आणि म्हणाल्या, “आता तुम्ही हलवा.” हलली नाही. मग सगळे काढून टाकले आणि मला पहिल्यापासून एकटीने बसवायला लावले. तासभर गेला. त्या तासात त्यांनी दोन सीट खोक्यातून काढून परत ठेवल्या आणि कोणत्याही सीलबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. हे काम होऊ शकते, त्याला फक्त तेवढा तास द्यावा लागतो.

ज्यांना तो तास देता येत नाही, कारण ते दुरून विकतात, त्यांनी त्याच्या बदल्यात एवढे करावे. ऑर्डर घेण्याआधी गाडीचे मॉडेल, साल आणि सीट कुठल्या जागी ठेवणार हे विचारा, आणि त्या गाडीची टीप बारीक अक्षरांत न ठेवता समोर दाखवा. बकलवर पट्टी लावा. परतीच्या अर्जात ‘गाडीत बसत नाही’ हे कारण घाला, खाली का बसत नाही हे लिहायला जागा ठेवा, आणि ते लिहिलेले रोज सीट बनवणाऱ्यांकडे पाठवा. आमच्यासारख्या वीस जणांनी ‘फरशीत कप्पा’ असे लिहिले असते, तर एकविसाव्याला ती सीट विकली गेली नसती.

एक उत्तर मला हवे आहे. सीट परत पाठवताना मी तिच्या खोक्यात, माहितीपुस्तिकेच्या वर, एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्यात लिहिले होते: ‘ही सीट गाडीत तीनदा बसवून पाहिली. मूल एकदाही बसवलेले नाही. अपघात झालेला नाही. फरशीखाली कप्पा असलेल्या गाडीत ही चालत नाही, कृपया पुढच्या माणसाला आधी सांगा.’ सीटच्या तळावरचा क्रमांक माझ्याकडे लिहून ठेवलेला आहे. ती चिठ्ठी कोणी वाचली का आणि ती सीट नंतर कुठे गेली, ते मला कळवा.

आपली,
एक आई